फ्रीजरमधला शेवटचा डबा

मायक्रोवेव्ह घेणाऱ्याला वाटतं, बटण दाबलं की झालं. या एका गैरसमजावर मिनिटबाईंची नोकरी बावीस वर्षं चालली. कंपनीचं मशीन घरी पोचलं की त्या जायच्या आणि ते वापरून दाखवायच्या. "किती मिनिटं लावायचं?" हा प्रश्न प्रत्येक घरी ठरलेला, आणि त्यांचं उत्तरही ठरलेलं. "मिनिटांचं नंतर बघू. आधी भांड्यात कसं ठेवलंय ते दाखवा." त्यावरून ऑफिसातल्या टवाळांनी त्यांना मिनिटबाई करून टाकलं. बाई शिस्तीच्या आणि तोंडाने फटकळ. स्टीलचा डबा आत ठेवणाऱ्या एका प्राध्यापकांना बाईंनी त्यांच्याच सासूबाईंसमोर फैलावर घेतलं होतं. अलीकडे लोक मोबाइलवर बघून शिकतात, त्यामुळे महिन्याला जेमतेम चार घरं उरली होती.

त्या दिवशी सकाळचं घर एका म्हाताऱ्या घड्याळजींचं होतं. खाली बंद केलेलं दुकान, वर दोन खोल्या, आणि ओट्याशी ओढून घेतलेली एकच खुर्ची. बायको जाऊन चार महिने झाले होते. दुखणं हाताबाहेर चाललंय हे कळल्यावर तिने अकरा डबे शिजवून फ्रीजरमध्ये भरून ठेवले होते. नवऱ्याला चहापलीकडे काही येत नाही हे तिला पहिल्या वर्षीच कळून चुकलं होतं.

"दहा मी वाया घालवले," घड्याळजी म्हणाले. "कडेला चामडं, मधे बर्फ. तसेच खाल्ले. हा शेवटचा राहिलाय. वाटाण्याचं कालवण. एवढा तरी नीट गरम व्हावा म्हणून तुम्हाला बोलावलं, बाई."

मिनिटबाईंनी फ्रीजर उघडला. बर्फाच्या ट्रेमधलं पाणी खाली ओघळून गोठलं होतं. शेजारच्या पावाच्या पिशवीत बर्फ साचला होता. डब्याचं झाकण काढलं तर कालवणावर नुसत्या पाण्याचा एक वेगळा थर गोठलेला.

"काका, मधे वीज गेली होती का?"

"मी आठ दिवस धाकट्या भावाकडे होतो. शेजारी म्हणत होते, तीन दिवस नव्हती. का हो?"

गप्प बसणं सोपं होतं. तासाभरात काम उरकून, सही घेऊन निघता आलं असतं. पण असलं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"काका, हे वितळून तीन दिवस तसंच राहिलं आणि मग परत गोठलं. हे आता खायचं नाही."

"मग चांगलं खळखळून उकळा की."

"उकळल्यावर जंतू मरतील. पण त्यांनी केलेलं विष काही वेळा तसंच राहतं. खाल्लंत तर तुम्हाला दवाखान्यात न्यावं लागेल."

काका खुर्चीवर बसले. त्यांनी वाद घातला नाही, आणि तेच बाईंना जड गेलं.

"टाका मग," ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले. "माझ्यासमोर नको."

मिनिटबाई डबा घेऊन कचऱ्याच्या बादलीपाशी गेल्या आणि तिथेच घुटमळल्या. स्वतःची आई गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी तिचा फ्रीज त्यांनीच साफ केला होता, अगदी नियमाप्रमाणे. मागच्या कोपऱ्यात कसली तरी एक वाटी होती. ती त्यांनी वासही न घेता ओतून दिली. त्या वाटीत काय होतं ते त्यांना आजही आठवत नाही, आणि त्याची त्यांना अजून लाज वाटते.

त्या परत ओट्याशी आल्या.

"काका, खायचं नाही. पण गरम करू या. उठा, तुम्हीच करायचंय."

काचेचं पसरट भांडं निघालं. आधी कमी पॉवरवर बर्फ सुटू दिला. मग मधे खळगा ठेवून कालवण कडेकडेने गोल पसरलं. वर झाकण, एका बाजूला वाफेपुरती फट. निम्म्यात थांबवून ढवळायचं. कडेचं आत, आतलं कडेला. बारीक स्क्रू फिरवलेले हात ते. एकही वाटाणा फुटला नाही.

"ती हाका मारायची, जरा वर येऊन ढवळून द्या म्हणून," काका ढवळता ढवळता म्हणाले. "मी दुकान सोडून कधी आलो नाही."

बाईंनी झाकण पुढे केलं, आणि काकांनी भांडं परत आत ठेवलं.

मशीन वाजलं. काकांचा हात लगेच झाकणावर गेला.

"थांबा. दोन मिनिटं. मशीन बंद झालं तरी उष्णता आत सरकत असते. मधेपर्यंत पोचू द्या."

दोघं उभ्याउभ्याच थांबले. मग काकांनी सांगितल्याप्रमाणे झाकण आपल्यापासून लांब तिरकं उचललं. कडेपासून मधेपर्यंत सारखी वाफ निघाली आणि लसूण-मिऱ्याचा वास खोलीभर झाला. बाईंनी चार ठिकाणी थर्मामीटर घालून पाहिला. कुठेच गार नव्हतं. काका भांड्यावर वाकले ते वाकलेच. चष्मा धुरकट झाला, खांदे हलू लागले. थोड्या वेळाने त्यांनी चमचा उचलला. मिनिटबाईंनी त्यांचं मनगट धरलं. काकांनी चमचा खाली ठेवला.

वाफ निवली तेव्हा काकांनी स्वतःच भांडं बाईंकडे सरकवलं.

"मीठ कमी पडलंय," ते म्हणाले. "नेहमीसारखं."

नुसत्या वासावरून मीठ कळत नसतं.

"हो," मिनिटबाई म्हणाल्या, "जरा कमीच आहे."