परतूरचा दगडी दवाखाना

परतूर स्टेशनावर उतरलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. इथल्या एका कॅथलिक शाळेची दगडी इमारत वारसा-यादीत गेल्याचं ऐकून मी पुण्याहून ती पाहायला आलो होतो. रिक्षावाल्यानं आधी भलत्याच शाळेत नेलं. चूक कळल्यावर म्हणाला, "सिस्टरची शाळा व्हय? मंग दवाखाना म्हना की!"

काळ्या दगडाची ती बैठी इमारत चर्चच्या मागे होती. रुंद ओसरी, उंच खिडक्या, दाराला कुलूप. निजामाच्या काळात इथे क्षयाचे रोगी ठेवत, असं मुख्याध्यापिका सिस्टर लिली यांनी सांगितलं. "दवाखाना बंद झाल्यावर इथेच मुलींची शाळा काढली. पण भिंतींत रोग आहे म्हणून कुणी मुलगी पाठवेना."

"मग पहिली कोण आली?"

"त्या समोरच राहतात. चला."

जुबेदाआपा ऐंशीच्या घरातल्या. त्यांनी आमच्यापुढे दही आणि धपाटे (आपल्या थालिपिठाचा पातळ भाऊ) ठेवले. त्यांची आई याच दवाखान्यात बरी झाली होती.

"अम्मी म्हनली, जिथं माझा जीव वाचला तिथं माझी पोरगी मरंल? बिलकुल न्हाई. हात धरून नेलं अन् बसवलं. सगळा पावसाळा मी एकटीच. घरी आले की मोहल्ल्यातल्या बाया दारात उभ्या, ही खोकते का बघायला."

"कधी खोकलात?"

"सर्दी झाल्ती एकदा. तोंडात ओढणी कोंबून बसले. खोकले असते तर शाळाच बंद झाली असती ना!"

हिवाळ्यात शेजारची एक मुलगी आली, मग तिच्या बहिणी. हळूहळू वर्ग भरला.

यादीमुळे इमारत पाडणं टळलं होतं. छत कमकुवत म्हणून वर्ग मात्र नव्या इमारतीत हलवले होते. दुरुस्तीनंतर तिथे जुन्या वस्तू मांडायचा संस्थेचा विचार होता. ते ऐकून आपांनी सिस्टरांकडे पाहिलं.

"एक डाव आत जाऊ द्या मला."

सिस्टर जरा घुटमळल्या, मग आम्हाला घेऊन परत इमारतीपाशी आल्या आणि त्यांनी कुलूप काढलं. आपा सरळ पूर्वेच्या खिडकीपाशी गेल्या. "अम्मीची खाट इथं होती. मी बी इथंच बसायची. सिस्टर, सामान कशाला ठिवता? पोरी बसवा."

सिस्टरांनी छताकडे पाहिलं. म्हणाल्या, "दुरुस्ती होऊ द्या. पहिलीचा वर्ग इथेच भरवू. संस्थेशी मी बोलते."

आपांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

संध्याकाळच्या गाडीत मी फोटो पाहिले. खांब, खिडक्या, दगडी जोती, सगळं नीट आलं होतं. इमारत बांधणाऱ्याचं नाव दारावरच्या फरशीत कोरलेलं आहे. तिची शाळा केली ती मात्र दुखण्यातून उठलेल्या एका बाईनं आणि तिच्या लहान मुलीनं.