चार ड्रमांचं गाव

यशवंत पाईकराव गेला, हे मला त्याच्या धाकट्या मुलीनं, सुजातानं, फोनवर सांगितलं. वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून मी फोन घेतला. "चाचा, बाबा गेले," एवढंच ती बोलली आणि फोन बंद झाला. मी रडलो नाही, दुकानाचं शटरही ओढलं नाही. आधी त्यांच्या वस्तीतल्या एकाला फोन लावला, मग त्याला दवाखान्यात घेऊन गेलेल्या जीपवाल्याला. दोघांनीही तेच सांगितलं, तेव्हा कुठं मी खाली बसलो. वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण ही सवय मला यशवंतानंच लावली होती. एकाच्या तोंडची बातमी म्हणजे अफवा, दोघांच्या तोंडची म्हणजे संगनमत, तिसऱ्यानंही तेच सांगितलं तर विचार करावा... असं त्याचं म्हणणं. त्याच्या मरणाची बातमी मी तिघांकडून तपासून घेतली, हे कळलं असतं तर तो मनातून खूश झाला असता.

ढाणकीला माझं वर्कशॉप आहे. हळद शिजवून वाळवली की तिची खरबरीत साल काढावी लागते, त्यासाठी हळकुंडं लोखंडी जाळीच्या मोठ्या पिंपात घालून फिरवतात. त्याला आमच्याकडे ड्रम म्हणतात आणि या भागातले बरेचसे ड्रम माझ्या हातचे आहेत. यशवंता पहिल्यांदा आला तो ड्रमासाठीच. जाळी वाजवून पाहिली, पत्रा नखानं खरवडला, वेल्डिंग सुरू असेपर्यंत स्टूल घेऊन समोर बसून राहिला. आल्याआल्या विचारलं, "पत्रा कुठला हाये?" मी सांगितलं. चहा झाला, पिकापाण्याच्या गप्पा झाल्या, आणि निघताना दारात थांबून, जणू आत्ताच सुचलं अशा सुरात, "हमीदभाई, पत्रा कुठला म्हनला तुमी?" दोन्ही उत्तरं जुळली म्हणून त्यानं ऑर्डर दिली. पुढं कळलं की हे तो सगळ्यांशीच करतो, तलाठ्याशी, डॉक्टरशी, येणाऱ्या थोरल्या जावयाशीसुद्धा. जावयाचं लग्न त्यापायी मोडता मोडता राहिलं.

त्याच्या गावातला तो चौथा ड्रम. पहिला बापूरावांचा. ते गावातले मोठे शेतकरी, पिढ्यान्‌पिढ्या गावकी त्यांच्या घरात. दुसरा तांड्यावर, तिसरा आमच्या मुसलमान लोकांच्या मोहल्ल्यात. गाव केवढं, तर एका टोकाला कुत्रं भुंकलं की दुसऱ्या टोकाचं उठतं. तिन्ही ड्रम मीच बनवले होते, तेव्हा धंदेवाईक माणसानं गप्प बसून चौथाही बनवावा. पण मी विचारलं, गावात तीन ड्रम असताना तुम्हाला वेगळा कशाला?

"बापूरावाकडं गेलतो," तो म्हणाला. "म्हने मोटर जळाली. दुसऱ्या दिवशी गेलतो, म्हने लाइन नाही. घरी येऊन राह्यलो तं मांगं ड्रमाचा आवाज."

नाही म्हणायची आमच्याकडे फार सभ्य पद्धत आहे. वाईट शब्द कुणी बोलत नाही, फक्त मोटर जळते. ड्रमाच्या पोटात आधीच्या हळदीची भुकटी राहते, ती पुढच्याच्या हळदीला लागते, आणि ती हळद पुढं देव्हाऱ्यात जाते, नवरा-नवरीच्या अंगाला लागते. बौद्धाच्या घरची भुकटी तिथं कशी चालेल? हे कारण कुणी उच्चारलं नाही, पण लहान पोरालाही ते ठाऊक होतं. आमच्या मोहल्ल्यातही त्याला तिसऱ्या दिवशी या म्हणून सांगितलं होतं, ते मी लपवत नाही. आमच्याकडे देव्हारा नाही, तरी कारण सापडलंच.

मग हंगामात गावात चार ड्रम घरघरायचे. कुठलाच पुरता भरायचा नाही, कुठलाच पुरता परवडायचा नाही, आणि वर्षाचे बाकी दिवस चारही गंजत पडायचे. चौघांपैकी एकालाही हळद शिजवायचा मोठा बॉयलर घेणं झेपत नव्हतं, कारण एकट्याच्या माणसांची हळद त्याच्या तळालाच राहिली असती. व्यापारी यायचा तो चार ठिकाणचे छोटे छोटे ढीग पाहून हळकुंड मोडायचा, तोंड वाकडं करायचा आणि स्वतःचा भाव सांगून निघायचा. टीव्हीवर शहाणी माणसं बसून देश मागं का राहिला याची चर्चा करत असली, की यशवंता माझ्या दुकानात बसून हसायचा. "मशीन नाही म्हनून मांगं हावो म्हनते हे. अरे, मशीन तं आपल्याकडं चार चार हायेत!"

नंतर हळद उत्पादकांची कंपनी काढायची टूम निघाली. एक शेड, एक बॉयलर, एक मोठा ड्रम, चारही वस्त्यांची हळद एकाच जागी. शेडला रस्त्याला लागून जागा हवी होती आणि ती होती यशवंताच्या शेतात. सगळे त्याच्याकडे आले. ज्यांच्या मोटरी जळायच्या तेही आले. त्यानं कुणाला हो म्हटलं नाही. जो येईल त्याला एकदा खाटेवर आणि एकदा फाटकाशी एकच प्रश्न विचारत राहिला. शेवटी एक दिवस दुकानात येऊन म्हणाला, "देतो जागा. एकडाव पाहायचं हाये मले, चौघायची हळद एका ड्रमात फिरताना." हे बोलताना त्याचे डोळे भरले होते. इतक्या वर्षांत त्याचे डोळे भरलेले मी तेवढ्या एकाच वेळी पाहिले. बाकीच्यांना ती भावाची, नफ्याची गोष्ट होती, त्याला नव्हती.

शेडची फरशी झाली, सिमेंटचे खांब उभे राहिले. त्या दिवशी चारही वस्त्यांतली माणसं तिथं भजी खात बसली होती. आम्ही सगळेच अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालो होतो... आणि छपराचे लोखंडी अँगल माझ्या दुकानात कापून तयार असताना कोर्टाचा स्टे आला. शेजारचं शेत बापूरावांचं. त्यांचा दावा असा, की धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, सरकवलाय आणि शेडची अर्धी जागा त्यांची आहे. निकाल लागेपर्यंत जागा जैसे थे. बांधायचं नाही, पाडायचं नाही.

धुरा तिथं कित्येक वर्षांपासून होता. बापूरावांना तो शेड उभी राहतानाच कसा दिसला? मला हे जमिनीचं भांडण वाटतच नाही. गावातला पहिला ड्रम ज्याचा, त्याला एकच ड्रम नको असणार. की चार ढीग वेगळे राहण्यात ज्याचा फायदा तो व्यापारी मागं होता? की कंपनीतलाच कुणी? यशवंतानं तर एक दिवस सरळ माझ्या तोंडावर सांगितलं, "शंका तुह्यावरबी हाये मले. चार ड्रमाच्या ठिकानी एकच झाला तं नुकसान कोनाचं?"

मला इतका राग आला की दोन हंगाम त्याच्याशी बोललो नाही. मग एका दुपारी तो बेअरिंग घेऊन आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "तुह्यावर शंका घेतली नसती तं बाकीच्यायवर घ्यायचा हक्कच नव्हता मले." ही माफी होती की हिशेब, मला आजही सांगता येणार नाही. मी चहा मागवला.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण दुसऱ्यानं ओढत नेलं तर शहाण्यानं काय करावं, हे कुणी सांगत नाही. साहेब बदलले, मोजणीवाले आले नाहीत, आले तेव्हा बापूरावांचे वकील आले नाहीत. इकडे शेडची योजना बारगळली, बॉयलर दुसऱ्याच गावाला गेला, माणसं मुकाट्यानं आपापल्या ड्रमाकडे परतली. यशवंता तारखेहून येताना माझ्याकडे थांबायचा. "खोटं बोलनारा नाही जिंकत तिथं," तो म्हणायचा, "ज्याले थांबता येते तो जिंकते. अन्‌ थांबाले घर भरलेलं लागते."

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. एका उन्हाळ्यात त्याच्या अंगणात मी ड्रमाचं बेअरिंग बदलत होतो. भर दुपारी बापूराव एकटे, पायी, त्याच्या दारात आले. खाटेवर बसले. सुजाताला म्हणाले, "बेटा, पानी आन." तिनं तांब्या दिला आणि बापूरावांनी तो घटाघटा रिकामा केला. मग म्हणाले, "यशवंता, लय झालं आता. केस काढून घेतो मी. धुरा तू म्हनशीन तिथं. शेड होऊन जाऊ दे."

यशवंतानं विचारलं, "कोनी पाठवलं तुमाले?"

"कोनी नाही."

मग उन्हाचं, पिकाचं थोडं बोलणं झालं. बापूराव उठले. फाटकाशी यशवंतानं विचारलंच, "कोनी पाठवलं म्हनले तुमी?"

बापूराव थकल्यासारखं हसले. "म्हातारपनानं."

उत्तरं जुळली नाहीत. यशवंता "पाहतो" म्हणाला आणि परत आला. रिकाम्या तांब्याकडे बोट दाखवून मला म्हणाला, "त्यानं पानी काहून पेलं?"

"ऊन हाये. तहान लागली असन."

"जल्मभर याच रस्त्यानं वावरात जाते तो. तहान आजच लागली? जो मानूस आपल्या घरचा थेंब शिवत नव्हता, तो आख्खा तांब्या पेते, म्हनजे काहीतरी मोठंच हिसकाचं हाये त्याले."

मला ते पटलं. वकिलालाही पटलं, तो म्हणाला, समोरचा घाबरलाय, आता सोडू नका. बापूराव न पिता बोलले असते तर यशवंतानं कदाचित ऐकलं असतं. ते पाणी प्यायले म्हणूनच त्यानं विश्वास ठेवला नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, इथं तर ताकाचं भांडंच उंबऱ्याबाहेर राहिलं. पुढच्या तारखेच्या आतच बापूराव गेले. मुलं म्हणाली, बापानं असं काही सांगितलं नव्हतं, केस चालूच राहील. बापूराव खरं बोलत होते का? मी खूप विचार केला. वर्षानुवर्षं तारखांना पैसा आणि जीव घालवून म्हातारा खरंच थकला असेल. किंवा मुलांशी ठरवून आला असेल. यशवंतानंही शेवटपर्यंत हा विषय सोडला नाही. "खरं असन का रे ते?" असं तो विचारायचा आणि मी उत्तर दिलं की निघताना पुन्हा विचारायचा. माझी दोन्ही वेळची उत्तरं कधी जुळली नाहीत.

तो गेल्यानंतर काही आठवड्यांनी, हळद काढणी ऐन भरात असताना, सुजाताला भेटायला मी गावात गेलो. वाटेत शेड लागते. बिनछपराच्या त्या फरशीवर यशवंता रोज सकाळी येऊन बसायचा, कुणी खांबाला हात तर लावत नाही ना, ते बघत. त्यासाठी त्यानं माझ्याकडून अँगलची एक जड खुर्ची बनवून घेतली होती, चोरानं उचलायची म्हटली तरी कंबर मोडावी अशी. खुर्ची जागेवर होती. आणि तिच्याभोवती सगळ्या फरशीवर शिजवलेली ताजी हळद पसरलेली होती. बापूरावांचा मुलगा गजानन फावड्यानं ती हलवत होता. मला पाहून त्यानं "सलाम चाचा" म्हटलं आणि तो ट्रॅक्टर घेऊन निघून गेला.

माझं डोकंच तापलं. ताबा! म्हातारा राखणदार गेला, आता पोरीला एकटी पाहून हळद टाकायची, चार माणसांना दाखवायची आणि कोर्टात म्हणायचं, जागा आमच्याच वहिवाटीत आहे. मी मोबाइलवर फोटो काढले, खांबांसकट, धुऱ्यासकट. तोवर सुजाता वावरातून आली.

"मीच टाकू देल्ली," ती म्हणाली.

"तू? कायले?"

"त्यानं विचारलं. त्याच्याकडची जागा कमी पडून राह्यली होती. घरी येऊन विचारलं त्यानं, चाचा."

"लिहून घेतलं काही?"

"नाही."

"अगं, हे लोक उद्या कोर्टात उभे राहतीन! जमीन जाईन तुही. बाप जल्मभर इथं कायले बसला होता?"

सुजाता रागावली नाही. ती फरशीवरची हळद पायानं चाळवत राहिली. "बाबा केस जिंकले असते, तं इथं काय केलं असतं त्यायनं?" तिनं विचारलं. "हळदच वाळवली असती नं?"

मी मोबाइल खिशात घातला. अजूनही वाटतं, पोरगी फसणार. गजाननवर माझा विश्वास नाही, ते फोटो मी वकिलाला पाठवलेही आहेत. त्या वेळी मात्र मी तिचं बोलणं मनात घोळवत उभा होतो, तेवढ्यात उत्तरेकडून आभाळ काळं होऊन आलं. अवकाळी. शिजवलेली हळद भिजली की काळी पडते, मग तिला कुत्रं विचारत नाही. गजानन कुठं दिसेना. सुजाता धावत जाऊन घरून ताडपत्री घेऊन आली आणि आम्ही दोघं त्या हळदीवर ती ओढू लागलो. मी शिव्या देत होतो, गजाननला, त्याच्या बापाला, वकिलांना. वर चार पत्रे असते तर ही वेळच आली नसती, असं मी ओरडून म्हणालो, पण वाऱ्यात ते तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तीन कोपऱ्यांवर दगड ठेवले. चौथा कोपरा वाऱ्यानं सारखा उडत होता आणि जवळपास दगड नव्हता. मग आम्ही दोघांनी मिळून यशवंताची खुर्ची उचलली आणि त्यावर ठेवली.