पाण्यापुरती किल्ली

आमच्या आत्याला कारखान्यात सगळे काजबाई म्हणतात. गणवेश शिवणाऱ्या त्या हॉलमध्ये बावीस वर्षं ती शर्टांना काजं करतेय. शेजारच्या मशीनवर बाह्या जोडणारी बाहीवाली. दोघींचा डबा एकत्र, चहा एकत्र, मुकादमाला शिव्याही एकत्र.

पाय मोडून आत्या दीड महिना घरात पडली होती, तेव्हा मीच तिच्या फोनवर तो खेळ घालून दिला. हजारो माणसं एका वेळी खेळतात. राक्षस, किल्ले, तलवारी, सगळा जामानिमा. चार वर्षांत आत्याने त्यात एक उंदीरसुद्धा मारलेला नाही.

"आत्या, तो लढाईचा खेळ आहे गं!"

"असेल. मला मासे मिळतात."

तळ्याकाठी गळ टाकून बसायचं, सूप शिजवायचं, झोपडीचे पडदे बदलायचे. लढाईवर निघालेले वीर तिच्या दारात थांबून सूप पिऊन जायचे. एका धिप्पाड चिलखतवाल्याने लिहिलं, 'आई, मीठ कमी आहे.' हिचं उत्तर, 'मग घरी जाऊन जेव.'

बाहीवालीला खेळात ओढलं तेही आत्यानेच. पण तिला मासे-बिसे पटेनात. तिला लढणाऱ्यांच्या टोळीत शिरायचं होतं, आणि टोळी तिला दारातही उभं करत नव्हती.

मग आत्याने दीपकळी लावली. या रोपाला शंभर दिवस, रोज दुपारी एक ते दोनच्या आत पाणी. एक दिवस चुकला की रोप गेलं. शंभराव्या दिवशी फूल येतं. ते आठवडाभर झाडावर राहू दिलं की बी धरतं, आणि मग तिथे कायमचा मळा, लावणाऱ्याच्या नावाने. आत्याची सारी हयात भाड्याच्या दोन खोल्यांत गेली. खिडकीत कुंडी ठेवायची तरी घरमालकाला विचारावं लागतं. ती जेवणाच्या सुट्टीत एका हाताने घास घ्यायची आणि दुसऱ्याने पाणी घालायची.

एकाहत्तराव्या दिवशी काजाची मशीनं महिनाभरासाठी वरच्या मजल्यावर हलवली. तिथे जेवणाची सुट्टी बारालाच, आणि फोन न्यायला बंदी. आत्याने बाहीवालीला बागेची किल्ली द्यायचं ठरवलं. खेळाने विचारलं: फक्त पाण्यापुरती, की सगळी?

"फक्त पाण्यापुरती दे," मी म्हटलं.

"काहीतरीच! पंधरा वर्षं एका डब्यात जेवतोय आम्ही. तिला काय माळीण म्हणून ठेवतेय?"

तिने 'सगळी' दाबलं.

शंभराव्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून मुकादमाला पहिल्यांदाच खोटं सांगून ती खाली धावली. फोन उघडला. उकरलेली माती, आणि वर एक ओळ: 'फूल तोडले – बाहीवाली.'

बाहीवाली समोरच बसली होती, मशीन चालू.

"फूल कुठंय?"

"अगं, सांगणारच होते मी…"

"कधी?"

"टोळीने अट घातली. दीपकळी आण, त्याचं कवच बनव, मग आत. आजच्या आज."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

आत्या हे सांगताना अजून तिथेच अडकते. "म्हणजे तिला ठाऊक होतं गं. चुकून नाही झालं."

"खेळच तर आहे!" बाहीवाली म्हणाली.

"मग तुझ्या खेळासाठी माझा का मोडलास?"

महिना भरला, तशी मशीनं खाली आली. दोघी पुन्हा शेजारी, डबे मात्र वेगळे. खेळात बाहीवाली रोज झगझगीत कवच घालून आत्याच्या कुंपणाशी यायची आणि गुडघे टेकायची. त्याला एक बटण दाबावं लागतं, बस. चौथ्या दिवशी आत्याने फोन खाली ठेवला.

"ऊठ तिथून. काय म्हणायचंय ते इथे म्हण."

बाहीवालीने आजूबाजूला पाहिलं. "इथे कसं? सगळ्या बघतायत."

"बघू देत."

बाहीवालीने मान खाली घातली आणि नवी बाही सुईखाली सरकवली.

आत्याने पुन्हा दीपकळी लावली. यावेळी किल्ली कुणालाच नाही. चौसष्टाव्या दिवशी मी तिला डोळे तपासायला दवाखान्यात नेलं. रांग संपेचना. एक वाजायच्या जरा आधीच नर्सने आत्याच्या डोळ्यांत थेंब घातले, आता दोन तास जवळचं काही दिसणार नाही म्हणाली. आत्या बाकावर फोन घट्ट धरून बसली.

"आण, मी घालते पाणी."

"नको."

"अगं आत्या, मी आहे. तुझी सख्खी भाची!"

"माहितीये."

"पावणेदोन झाले. रोप जाईल."

तिने पाणावलेले डोळे माझ्याकडे वळवले. मी तिला नुसती पुसट दिसत असणार. हात पुढे केला तर तिने फोन पदराखाली घेतला.

"किती वाजले?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"दोन वाजून गेले."

"बरं," ती म्हणाली.