धाकट्यानं पडायचं असतं

सन दोन हजार चार. शाळेच्या दाखल्यावर मी एकसष्ट वर्षांचा होतो, माझ्या मायच्या हिशोबानं चौसष्ट. शाळेत मी तिसरीपर्यंतच गेलो आणि तिथं मास्तरनं माझं वय अंदाजानं लिहिलं. म्हणून मी मायचं धरतो.

आमचं गाव घाटंजीच्या बाजूचं. गावामधून नाला जातो. नाल्याच्या वर एक वेटाळ, म्हणजे वस्ती, खाली एक वेटाळ. इंग्रज यायच्याही आधी नागपूरच्या गादीसाठी दोन सख्खे भाऊ फौजा घेऊन एकमेकांवर उठले. मुलूख फाटला, तशी गावंही फाटली. आमच्याकडे वरचं वेटाळ थोरल्याकडून लढलं, खालचं धाकट्याकडून, आणि धाकटा मारला गेला. त्यातला थोरला कोण अन् धाकटा कोण, यावर शिकलेली माणसं वाद घालतात. आमच्या गावात वाद नाही. मेला तो धाकटा.

गादी गेली, इंग्रज गेले, पण ती लढाई काही गेली नाही. वरच्या वेटाळाची पोरगी खाली देत नाहीत. ग्रामपंचायतीला दोनच पॅनल उभे राहतात. पोरांच्या क्रिकेटच्या टीमही दोनच, थोरले आणि धाकटे. सिमेंटचा रस्ता आला तो वरून नाल्यापर्यंत झाला आणि खालच्या अर्ध्याला पाच वर्षं लागली, तर लोक म्हणाले, लढाईचंच हाय ते.

दर दिवाळीच्या पाडव्याला, उन्हं कलताना, नाल्याकाठच्या पडीत जागेवर आम्ही ती लढाई खेळतो. एक घर वरचं, एक घर खालचं, मान पिढीजात. सागवानाच्या तलवारी, जुन्या ढाली. थोरल्यानं तीन वार करायचे आणि तिसऱ्या वाराला धाकट्यानं पडायचं. पडला की थोरला हात देतो आणि म्हणतो, “ऊठ भावा, रक्त आपलंच हाय.” त्या दिवशी पडलेल्याच्या घरी चूल पेटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जिंकलेला अनवाणी, उघड्या डोक्यानं त्याच्या घरी भाकर घेऊन जातो, म्हणतो, “लढाई सरली, चूल पेटवा.” मग पडलेल्यानं भाकर मोडून पहिला तुकडा त्याला द्यायचा.

खालचं घर म्हणजे माझं. माझा बाप जन्मभर पडला. त्याच्या माघारी मी चाळीस वर्षं पडलो. गावात मला अन् वरच्या घरच्या मानकऱ्याला नावानं कोणी हाक मारत नाही. एसटीचा कंडक्टरसुद्धा मला म्हणतो, “या धाकटे.” तो वरचा माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण थोरला तो. आमच्या बायका थोरली आणि धाकटी. दर वर्षी तो सकाळी भाकर आणून दारात उभा राही. मी तोंड फिरवून बसत असे. तुकडा द्यायला बायकोला पाठवी. पाणी मी त्याला कधी विचारलं नाही.

दोन हजार चारच्या आदल्या हंगामात घाटंजीच्या खरेदी केंद्रावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. दोन दिवस बैल सोडून बसलो होतो. थोरल्यानं आपली गाडी माझ्या पुढं घातली. मी त्याच्या गाडीचा धुरा धरला तर चार गावच्या माणसांसमोर म्हणतो कसा, “तुमच्या खानदानाले पडाची सवयच हाय. मांगं पडला तं काय बिघडते?” लोक खदाखदा हसले. मी धुरा सोडला. पण मनात गाठ बांधली की या पाडव्याला पडायचं नाही.

ते वर्ष वाईट निघालं. पाऊस मध्येच दडी मारून बसला. कपाशीवर लाल्या पडला. पानं लाल होऊन झडली, बोंडं लिंबाएवढी होऊन थांबली. माझं रान काळीचं, थोडं तरी हाती लागलं. थोरल्याचं सगळं मुरमाड बरडावर, त्याच्या वावरात कपाशीच्या नुसत्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या. तो पारावर यायचा बंद झाला. माझी बायको एकदा म्हणाली, “थोरली हातपंपावर रडत होती. तो बोलत नाही म्हणते घरात.”

“नाही बोलत तं नाही बोलत,” मी म्हणालो. “घाटंजीत लय बोलला तो.”

आमच्याकडे त्या वर्षांत माणूस चार दिवस मुका झाला की शेजारीण त्याच्या बायकोला हळूच विचारी, फवारणीची बाटली कुठं ठेवली? हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण माझ्या डोक्यात ती रांग होती.

पाडव्याला दोन्ही वेटाळं जमली. सायकल दुरुस्तीच्या दुकानाचे चाचा ढोल वाजवतात, त्यांच्या आजापासून ढोल त्यांच्याकडेच. रिवाज असा की कोणी पडेपर्यंत ढोल थांबवायचा नाही. थोरला आला. सदरा अंगावर लोंबत होता. एक वार झाला, दुसरा झाला. तिसरा माझ्या ढालीवर बसला आणि मी उभाच राहिलो.

त्याला वाटलं मी विसरलो. चौथा मारला.

“पड,” तो दातांतून म्हणाला.

“नाही पडत.”

“पड ना बे. लोकं पाहून राह्यले.”

“पाहू दे. त्या दिवशीही पाहत होते.”

पोरं हसायला लागली. खालच्या वेटाळातून शिट्ट्या आल्या. चाचा ओरडले, “अरे कोई तो गिरो मियाँ, मेरे हाथ टूट रहे!” त्यावर सगळी जत्रा हसली. थोरला मारत राहिला, सातवा, आठवा. वारात जोर नव्हता, पण तो थांबेना. मग मी, आमच्या घरात कोणी कधी केलं नव्हतं ते केलं. उलटा वार केला. एकच, त्याच्या ढालीवर. तो मागं गेला, त्याचा गुडघा वाकला, आणि तो मातीत बसला.

ढोल थांबला.

मी हात पुढं केला. “ऊठ भावा,” म्हणालो. पुढचं रक्ताचं वाक्य म्हटलं नाही. त्यानं हात घेतला नाही. तलवार बाजूला ठेवली आणि मातीकडे पाहत बसून राहिला. शिट्ट्या आपोआप बंद झाल्या. शेवटी त्याच्या भावकीतल्या दोघांनी त्याला काखेत धरून वर नेलं.

नव्वदीचा एक म्हातारा आमच्या गावात रिवाजाचा जाणता होता. काठी टेकत तो माझ्याकडे आला. “आता उलटं झालं,” म्हणाला. “चूल त्याच्या घरची बंद. सकाळी भाकर तू नेशीन.”

“नेतो ना,” मी म्हणालो, छाती काढून.

घरी आलो. मला वाटलं बायको खूश होईल. ती गोठ्यात गेली आणि लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आली. सोडलं तर फवारणीची बाटली, भरलेली.

“थोरलीची हाय,” ती म्हणाली. “दोन महिने झाले. वरच्या वेटाळात कोणाच्या घरी ठेवली तं तो शोधून काढीन, म्हणून माह्याजवळ देली. धाकट्याच्या घरी तो शोधाले येणार नाही, म्हणे.”

“मले काहून नाही सांगितलं?”

“तुमाले? तुमाले सांगून काय झालं असतं?”



दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं ज्वारीच्या भाकरी केल्या, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. मी टोपी काढून खुंटीला लावली, चपला दाराशी ठेवल्या आणि टोपलं घेऊन निघालो. दोन्ही वेटाळं दारात उभी होती. नाला उतरलो, वर चढलो. त्या चढावर गोखरू पसरलेलं असतं. पहिला काटा रुतला तेव्हा मी थांबलो नाही. तिसऱ्याला लंगडायला लागलो. ज्या वाटेनं तो इतकी वर्षं माझ्याकडे आला होता, तिथून मी पहिल्यांदा चाललो होतो.

थोरलीनं दार उघडलं. टोपलं घेतलं नाही. हळू आवाजात म्हणाली, “भाऊजी, हे वर्ष नव्हतं पाडाचं.”

आत तो बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसलेला. मी तोंड फिरवून बसायचो तसाच.

“लढाई सरली,” मी म्हणालो. “चूल पेटवा.”

मी तसाच उभा. रिवाजातले शब्द संपले होते.

तो भिंतीशीच बोलला, “मले पाडलं, तुले बरं वाटलं काय?”

खोटं बोलणं मला जमत नाही. “वाटलं,” म्हणालो. “घरी जाऊस्तोवर वाटलं.”

“अन् मंग?”

“मंग नाही वाटलं.”

तो वळला. त्याची नजर माझ्या पायांवर गेली. टाचेतून रक्त आलं होतं.

“तू घरापासून अनवाणी आला काय?”

“रिवाज हाय.”

“येड्या,” तो म्हणाला. “माहा बाप नाल्यापर्यंत चपला घालून जाये. मीही. तुमच्या बाजूले वर निघालो का मंग झुडपात काढून ठेवाचो. चढावर कोण अनवाणी येते बे, गोखरू हाय तिथं!”

थोरली तोंडाला पदर लावून हसली की रडली, मला कळलं नाही. तो उठला. बाभळीचा एक लांब काटा आणला, माझा पाय आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि चष्मा नाकावर सरकवून एकेक गोखरू काढायला लागला. दुखलं की मी पाय ओढी. तो दाबून धरी. “हालू नको,” म्हणे. “नाटक नको करू.” सात काढले त्यानं. तोवर थोरली टोपलं घेऊन आत गेली. काडी ओढल्याचा आवाज आला, मग पऱ्हाटीचा धूर.

त्यानं भाकर मोडली आणि पहिला तुकडा मला दिला. मी त्याच्यासमोर बसून तो खाल्ला. आमच्या घरातून कोणी वरच्या वेटाळात बसून खाल्लेलं मला ऐकूनही माहीत नाही. थोरलीनं पाण्याचा गडवा आणून ठेवला. मी प्यालो.

निघताना त्यानं आपल्या चपला पायानं माझ्याकडे सरकवल्या. “घालून जा. परत आणून दे पण.”

त्या मला एक बोट आखूड होत्या. मी त्या घातल्या आणि दोन्ही वेटाळांच्या देखत नाला उतरलो.