जनार्दनराव आणि घरातली टाच

जनार्दनरावांनी आजवर किती पाय दाबले असतील, देव जाणे. रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी मालिशचं रीतसर शिक्षण घेतलं आणि आदर्श नगरातल्या एका धर्मार्थ दवाखान्यात पायांच्या दुखण्याची खोली सांभाळायला घेतली. सकाळी दहाला बसले की दुपारपर्यंत समोर पायच पाय. दिवसभर दुकानात उभे राहणारे सेठजी, शाळेतल्या बाई, आमेरहून बसने येणाऱ्या म्हाताऱ्या. सगळ्यांना आराम पडायचा. पडत नव्हता तो एकाच बाईला, कारण ती पाय हातात देईल तर ना! आणि ती बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला, सोडाला वस्तीत, त्यांच्याच घरात राहत होती.

प्रभावतीबाईंची टाच दुखायची. सकाळी पलंगावरून उतरल्या की पहिली दहा पावलं भिंतीला धरून. जिना उतरणं तर त्यांनी सोडूनच दिलं होतं. भाजीसुद्धा गॅलरीतून दोरीने टोपली सोडून घ्यायच्या.

"अगं, मला एकदा बघू तरी दे," म्हणत जनार्दनराव तेलाची वाटी घेऊन बसायचे.

"काहीतरीच काय! नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा? कुठं फेडू हे पाप?"

झालं. वाटी परत कपाटात. आता यावर माणसाने चिडायचं नाही तर काय करायचं? मग त्यांचं व्याख्यान सुरू व्हायचं. मालिशने आखडलेला स्नायू सैल होतो, रक्त खेळतं राहतं, झोप लागते. साखर उतरते असं कोणी सांगितलं तर खोटं समज, पण टाचेला उतार पडतो म्हणजे पडतो, दवाखान्यातले डॉक्टरच चिठ्ठीवर तसं लिहून देतात! प्रभावतीबाई "हो, हो" करत कणीक मळायच्या, तीही उभ्यानेच.

मागच्या महिन्यात एका सकाळी त्यांनी पाय खाली टेकवला आणि मटकन परत पलंगावर बसल्या. न्हाणीघरापर्यंतही जाता येईना. जनार्दनराव घाबरले. आणि भीती वाटली की ओरडायचं, हा तर त्यांचा स्वभावच.

"बस आता अशीच! उद्या काठी, परवा चाकाची खुर्ची! पण हट्ट काही सोडू नकोस!"

दुपारी टाच जराशी चालती झाल्यावर प्रभावतीबाई म्हणाल्या, "तुमच्या दवाखान्यात येते की. तिथं तुम्ही डॉक्टरच्या जागी. तिथं पाप न्हाई लागत."

"अगं, हात हेच ना?"

"जागा वेगळी."

जनार्दनरावांनी कपाळावर हात मारून घेतला. बरं, सोबत यायलाही बाई तयार नाहीत. पेशंट कधी डॉक्टरबरोबर येतो का, म्हणे! दुसऱ्या दिवशी कठड्याला धरून जिना उतरल्या, ई-रिक्षा करून एकट्या आल्या, खिडकीवर नंबराची पर्ची घेतली आणि सहा जणांच्या मागे बाकावर बसल्या. नवरा दारातून खुणा करतोय, आत ये म्हणून, आणि या समोरच्या भिंतीकडे बघतायत. जनार्दनराव पुरते वैतागले.

शेवटी नंबर आला. खिडकीवाल्याने इथल्या हिंदी रिवाजाप्रमाणे पर्चीवर 'प्रभावती देवी' लिहिलं होतं. देवी खुर्चीत बसल्या आणि त्यांनी आपणहून पाय पुढे केला. पस्तीस वर्षांच्या संसारात तो पाय पहिल्यांदाच जनार्दनरावांच्या हातात आला होता. टाच दगडासारखी झाली होती, पोटरी वरपर्यंत आखडलेली. घुश्शातच त्यांनी तेल घेतलं आणि प्रत्येकाला विचारायचा प्रश्न सवयीने विचारला.

"हां जी, कब से दर्द है?"

"तेरा वर्षं झाली."

त्यांचे हात थांबले. "तेरा? मला वाटलं, दोनेक वर्षं—"

"आई अंथरुणावर होत्या न्हवं का, तेव्हापासून. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, हातपाय चोळायचे, की परत ओट्याशी उभं राहायचं. तेव्हा टाच धरली ती धरलीच." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पेशंट सांगतात तसं त्या सांगत होत्या.

जनार्दनरावांची आई पावणेदोन वर्षं पडून होती आणि तिच्या पाठीवर एकही जखम झाली नव्हती. त्याबद्दल डॉक्टरांनी केलेलं कौतुक त्यांनीच ऐटीत ऐकून घेतलं होतं. आणि या बाईला ते रोज मालिशचे फायदे शिकवत होते! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याचाही रागच आला.

"मग इतकी वर्षं घरी का नाही बोललीस?"

"घरी तुम्ही सांगता की," प्रभावतीबाई म्हणाल्या. "विचारता फक्त इथंच."

पुढच्या नंबरवाल्याने दारातून दुसऱ्यांदा डोकावलं. "अंकल जी, और कितनी देर?"

"लगेगी," जनार्दनराव म्हणाले. मग त्यांनी दुसरा पाय हातात घेतला, "आणखी कुठं दुखतं?" असं विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत ते गप्प बसले.