बावटेवाल्याचा खांब झाला

"ताई, ह्यात मानूस कुठाय?"

गुंडाळलेला कागद अर्धवट फाडून आण्णा चित्रासमोर उभे होते. मी म्हटलं, "कुठला माणूस?"

"पुलापाशी. काखंत बावटा, खांद्यावर घोंगडं. त्येच्यासाठीच तर लोणंदवरनं आलोय मी."

पुलापाशी माणूस नव्हता. एक खांब होता, छान रंगवलेला.

कुपवाडला माझं छोटं वर्कशॉप आहे. आम्ही रिप्रॉडक्शन करतो, म्हणजे जुन्या चित्रांच्या हाताने रंगवलेल्या नकला. हॉटेलवाल्यांना, बंगलेवाल्यांना पहिल्यावहिल्या आगगाड्यांची चित्रं फार आवडतात. वाफेचं इंजिन, दगडी पूल, बघायला जमलेली माणसं. मूळ चित्रावर चौकोन आखायचे, तेवढेच चौकोन कॅनव्हासवर मोठे करून आखायचे आणि एकेक चौकोन उतरवत जायचं. यात स्वतःचं डोकं चालवायचं नसतं.

आण्णा रेल्वेतले निवृत्त गँगमन, म्हणजे रूळ तपासत, दुरुस्त करत लाइनवर फिरणारा माणूस. त्यांचे वडीलही गँगमनच. आण्णा लहान असताना ते कामावरच गाडीखाली गेले. घरात त्यांचा एकही फोटो नाही. लोणंद स्टेशनबाहेरच्या एका हॉटेलात हे पुलाचं चित्र टांगलेलं असायचं. तिथे चहा पिताना आण्णा फक्त त्या बावटेवाल्याकडे बघत बसायचे. हॉटेल बंद झालं तेव्हा ते चित्र मी विकत आणलं. मालकाकडून माझा नंबर घेऊन आण्णांनी फोनवर ऑर्डर दिली होती.

"त्यो काय माझा बाप न्हाई, ठावं हाय मला," आण्णा म्हणाले. "पर बाप आस्साच हुबा ऱ्हायचा. गाडी येतीय का बगत, मान जरा मागं वळवून. आता मला त्येचं तोंड आठवत न्हाई, ताई. हुबं ऱ्हानं तेवढं आठवतंय. ते बी जायला लागलंय."

मी तडक आत गेले आणि ही नक्कल रंगवणाऱ्या आमच्या रफिकभाईंवर घसरले. इतकी वर्षं ब्रश धरलेला माणूस, आणि माणसाचा खांब करतो? तोंडाला येईल ते बोलले, तेही बाहेर आण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात. रफिकभाईंनी हातातला ब्रश पुसून ठेवला.

"मॅडम, तुमी जे समोर दिलं ते उतरवलं मी. समोर खांबच हुता."

खरं होतं. मूळ चित्र कृष्णेच्या पुरात आमच्या सांगलीच्या घरी भिजलं, पार लगदा झाला. तेव्हापासून आम्ही मागच्या नकलेवरून पुढची नक्कल करत होतो. धंद्यात हे सर्रास चालतं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

प्रत्येक नकलेचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये असतो. आण्णांना आत बोलावलं आणि तिघांच्या मध्ये मोबाइल धरून मी मागे मागे जाऊ लागले. आधीच्या नकलेत खांबाला थोडा फुगवटा होता. त्याच्या आधीच्या नकलेत त्या फुगवट्याच्या जागी घोंगडं दिसलं. आणखी मागे गेल्यावर बावट्याची काठी सापडली. शेवटी पहिली नक्कल आली; मूळ चित्राचा फोटो मी कधी काढलाच नव्हता. तिच्यात माणूस होता, पण ब्रशच्या चार फटकाऱ्यांत उरकलेला. मान वळवलेली नव्हती, तोंडाचा पत्ता नव्हता.

"ही कुनी काढली?" आण्णांनी विचारलं.

मी काढली होती. मूळ चित्र समोर असताना. पुलाचा दगड न् दगड मोजून काढला होता. इंजिनाचे खिळेसुद्धा सोडले नव्हते. एवढ्याशा माणसाकडे कोण बघतंय, असं वाटलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रफिकभाईंनी पुसून ठेवलेला ब्रश पुन्हा उचलला. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दोन दिवस आम्ही इंटरनेटवर शोधलं. तसली चित्रं ढिगाने मिळाली, हे मिळालं नाही. तेव्हा रफिकभाईंनीच आण्णांना फोन लावला. "आण्णा, घोंगडं घिऊन या. तुमी हुबं ऱ्हाऊन दावा, मी तसं काढतो."

आण्णा आले. वर्कशॉपच्या दारात खांद्यावर घोंगडं टाकून, काखेत काठी धरून उभे राहिले. मान मागे वळवली. पुन्हा सरळ केली, पुन्हा वळवली. "आसं नव्हं... व्हय, आसं." पाय थरथरायला लागले तरी बसेनात. रफिकभाईंनी इतका जीव ओतून काढलेलं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

रंग वाळल्यावर आण्णा चित्र न्यायला आले. जवळ जाऊन बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, जमलं.

"लय ब्येस काढलंय," ते म्हणाले. "पर ह्यो मी हाय."

"बदलू का?" रफिकभाईंनी विचारलं.

"कशावरनं बदलशील गड्या? त्येला बगितलेलं कोन ऱ्हायलंय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आजपातूर डोळं मिटलं की बाप हुबा ऱ्हायचा, ताई. हे काढल्यापासनं मीच हुबा ऱ्हातोय."

तरी चित्र त्यांनी नेलं.

रफिकभाईंची मी माफी मागितली. ते "असू द्या" म्हणाले आणि कामाला लागले. आता वर्कशॉपमध्ये एक नियम आहे. नकलेवरून नक्कल करायची नाही, मूळ चित्र हातात नसेल तर ऑर्डर घ्यायची नाही. नियम चांगला आहे. आण्णांना त्याचा काही उपयोग नाही.