पंपाच्या खोलीतला वास

माझे आबा गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यात पोहण्याचा तलाव आणि शेजारचा गरम पाण्याचा टब सांभाळतात. मालकांनी पाणी शुद्ध राहावं म्हणून पंपाच्या खोलीत ओझोनचं मशीन बसवलं. क्लोरीन कमी लागणार म्हणून आबा खूश झाले. मशीनचं इंग्रजी पुस्तक त्यांनी घरी आणलं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, तेव्हा वाचायचं काम माझं. एका पानावरच्या चार-पाच ओळी मला कळल्याच नाहीत. तसं सांगायची लाज वाटली. "हे काही कामाचं नाही," मी म्हणाले आणि पान उलटलं.

थंडीत आबांना खोकला लागला. हवेमुळे असेल, असं सगळ्यांना वाटलं. दुपारचा डबा ते पंपाच्या खोलीत खायचे. गार वारा नको म्हणून झरोक्यात पोतं कोंबलेलं.

"झेरॉक्सच्या दुकानात येतो ना, तसा वास येतो आत," ते सांगायचे. "वास आला म्हणजे मशीन झकास चालू हाय."

एकदा वर्गात सरांनी सांगितलं की झेरॉक्सच्या दुकानातला तो वास ओझोनचा. बंद खोलीत साठला तर छातीला इजा करतो. बाहेर येऊन आबांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. रिक्षात बसल्यावरही ते उलटलेलं पानच डोळ्यांसमोर होतं.

खोलीचं दार लोटलेलं होतं. पंपाच्या घरघरीत आबा पालथ्या बादलीवर बसून भाकरी खात होते. माझे डोळे चुरचुरले.

"काय गं, कॉलेजला दांडी? का माझी भाकरी खायला आलीस?"

मी मशीनचं बटण बंद केलं आणि त्यांना हाताला धरून बाहेर ओढलं. हसता हसताच त्यांना ढास लागली.

"आबा, त्या पानावर हेच लिहिलं असणार. मला कळलं नव्हतं. मी खोटं बोलले."

ते म्हणाले, "नाय कळलं म्हणायचं, बाळा. मला तरी कुठं कळतं?"

संध्याकाळी डॉक्टरांनी छाती तपासली. "दीर्घ श्वास घ्या." आबांचा श्वास अर्ध्यावर तुटला. "पुन्हा." पुन्हा तुटला. महिनाभर त्या खोलीत जायचं नाही, मग बघू, असं डॉक्टर म्हणाले. छातीला झालेली इजा भरून येईल का, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मशीनवाल्याला नळीला गेलेली चीर सापडली. नळी बदलली, झरोक्यात पंखा बसला. महिना अजून व्हायचा आहे. घरात आबा खोकले की मी हातातलं काम थांबवते आणि पुढचा श्वास पूर्ण होतो का, ते ऐकत राहते.